घरचे कोंबडे पहिल्यांदाच स्वतः कापायचे आहेत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून काय काय करावं?

मालवीमाती | शनिवार, रात्री 9.20

मंडळी, थोडं लांबलं आहे, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

इंदूरजवळ, सिमरोलच्या अलीकडे, खंडवा रोडवरून आत आमची तीन बिघे जमीन आहे. मागच्या पावसाळ्यात तिथल्या जुन्या गोठ्यात खुराडं बांधलं आणि झाबुआहून कडकनाथची वीस पिल्लं आणली. राणीखेतची लस वेळेवर दिली, बल्बची ऊब दिली, तरी दोन पहिल्याच आठवड्यात गेली आणि एक मुंगसाने नेलं. सतरा वाढली. आता साडेपाच महिन्यांची आहेत, आणि त्यात नऊ नर निघाले.

ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना पुढचं कळलंच असेल. आठ कोंबड्यांना एक नर पुरतो. नऊ नर म्हणजे दिवसभर मारामारी, फाटलेले तुरे, आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं झडून उघडी पडलेली कातडी. दोन ठेवणार आहे. सात काढावे लागणार.

एका व्यापाऱ्याला बोलावलं होतं. तो आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला आधीच कुठून तरी घेतलेल्या दहा-बारा कोंबड्या पाय बांधून उलट्या टांगलेल्या होत्या. एकीची चोच उघडी, मान वर वळवायची धडपड चाललेली. शहरापर्यंत त्या तशाच जाणार होत्या. मी त्याला चहा दिला आणि कोंबडे द्यायचे नाहीत म्हणून सांगून टाकलं.

तेव्हापासून ठरवलंय की हे काम मी स्वतः करायचं. मी बेचाळीस वर्षांचा आहे, कळायला लागल्यापासून चिकन-मटण खातोय, पण आजवर माझ्या हाताने एकही जीव मारलेला नाही. इंदूरला रामबागेत आजोबांच्या घरी पाहुणे यायचे असले की एक म्हातारे गृहस्थ यायचे आणि मागच्या अंगणात काम उरकून जायचे. आम्हा पोरांना तेवढा वेळ माजघरात बसवून ठेवायचे. ताटात आलेलं तेवढं माहीत.

या कोंबड्यांना मी मुठीतून कणी चारली आहे. त्यांचा शेवट माझ्या अर्धवट माहितीमुळे वाईट होऊ नये, एवढंच मला हवंय. आदल्या दिवशी काय करायचं, कसं धरायचं, सुरी कुठे आणि किती खोल, जीव गेला हे कसं ओळखायचं, सगळं सांगा. व्हिडिओ पाहिलेत, पण दहा माणसं दहा तऱ्हा दाखवतात.

आणखी एक. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एका कोंबड्याचं नाव तिने काळू ठेवलंय. तिला काय सांगू?

---

खुराडं | शनिवार, रात्री 10.05

दादा, मी देवास बाजूला बारा वर्षं गावठी कोंबड्या पाळतोय. घाईत सुचेल तेवढं लिहितो.

आदल्या संध्याकाळनंतर दाणा बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत समोर ठेवायचं. गळ्यातली पिशवी आणि आतडी रिकामी झाली की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. पण बारा तासांच्या वर उपाशी ठेवू नका, जनावर कासावीस होतं. रात्री अंधारात, दांडीवर झोपलेले असताना उचला आणि वेगळ्या डालग्यात ठेवा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती पळत नाही, किंचाळतही नाही. सकाळी अंगणभर मागे धावून पकडलेला कोंबडा आधीच घाबरून धापा टाकत असतो, मग तुम्ही पुढे कितीही हळुवार वागा.

हातात आल्यावर पाय धरून उलटा करा, क्षणात शांत होतो.

---

सायंतारा | शनिवार, रात्री 10.40

मी जन्मापासून शाकाहारी आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहू की नको याचा बराच विचार केला. तुमचा तो हँडलवरच्या कोंबड्यांचा भाग वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला मनापासून विचारायचं आहे, सातही कोंबडे एखाद्या शेतकऱ्याला पाळायला देता येणार नाहीत का? काळू तरी वाचवा.

---

मालवीमाती | शनिवार, रात्री 11.15

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी तीन-चार ठिकाणी विचारलं. नर कुणालाच पाळायला नको असतो. घेतील ते कापायलाच घेतील, आणि कसे कापतील ते मला कळणारही नाही. दोन ठेवतोय त्यातला एक काळू आहे, ते ठरलंय. तो नऊ जणांत सर्वांत शांत आहे, म्हणून ठेवायला योग्यही आहे. उरलेल्या सातांचं मात्र मला करावंच लागेल.

---

पशुवैद्य_महू | रविवार, सकाळी 7.30

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता नोकरीनिमित्त बाहेर आहे. हा प्रश्न इतक्या काळजीने विचारलेला मी क्वचित वाचलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शरीर समजून घ्या. कोंबडीच्या मानेत दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात आणि शेजारी रक्त परत आणणाऱ्या शिरा. दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी पूर्ण कापल्या गेल्या की मेंदूतला रक्तदाब एकदम कोसळतो आणि साधारण पंधरा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते. एकच बाजू कापली गेली तर हा वेळ बराच लांबतो, आणि तो सगळा वेळ त्या जिवाला कळत असतं. नवशिका माणूस इथेच चुकतो. हात कचरतो, सुरी वरवर फिरते, कातडी आणि थोडं मांस कापलं जातं, आतली नस तशीच राहते. दया आली म्हणून हलक्या हाताने केलेला काप सर्वांत जास्त छळतो.

जागा: खालच्या जबड्याचं हाड बोटाने चाचपा. त्याच्या लगेच खाली, कानाच्या पाळीच्या मागून सुरुवात करून पुढून आडवा, एका ओढीत, मणक्याला पातं लागेपर्यंत. करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही. डोकं तोडून वेगळं करायची गरज नाही. आधी तिथली पिसं अंगठ्याने उलटी सारून कातडी उघडी करा, पिसांवरून पातं घसरतं.

सुरी पातळ, सहा-सात इंची, करवतीचे दात नसलेली. धार अशी की टोमॅटोच्या सालीवर नुसती टेकवून ओढली तरी साल कापली जावी. सात पक्षी करायचे तर दर दोनांनंतर धार पुन्हा लावा.

यानंतर पक्षी पंख फडफडवेल, पाय झाडेल. हे बहुतेक वेळा शुद्ध हरपल्यानंतरचं स्नायूंचं आपोआप आकसणं असतं, मिनिटभर किंवा जास्तही चालतं. तेव्हा घाबरून सोडून देऊ नका. जीव गेला हे बघायचं तर डोळ्याच्या कडेला बोट हलकेच लावा. जिवंत पक्ष्याची आतली पारदर्शक तिसरी पापणी सरकते. ती हलत नसेल, श्वास पूर्ण थांबला असेल, मान आणि तुरा सैल पडला असेल, तर संपलं. यासाठी दोन मिनिटं पूर्ण थांबा, घड्याळ लावून. त्याआधी गरम पाण्यात कधीही घालू नका.

विजेची तार लावून बेशुद्ध करण्याचा उद्योग घरी कुणीही करू नये. कारखान्यात त्याची यंत्रं मोजून बसवलेली असतात. घरी केलं तर पक्षी तडफडतो आणि माणूसही मरू शकतो.

खुराडं यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. उलटा धरला की शांत होतो, हे खरं दिसतं तसं नाही. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. उलटं टांगलं की आतडी, काळीज सगळं हवेच्या पिशव्यांवर येतं आणि श्वास अपुरा पडतो. त्या स्थितीत तो गप्प असतो, निवांत नसतो.

---

खुराडं | रविवार, सकाळी 8.10

डॉक्टरसाहेब, बारा वर्षं मी हेच करत आलो आणि लोकांना हेच शिकवत आलो. वाईट वाटलं वाचून. पण मग कापताना कोंबडा नरसाळ्यासारख्या शंकूत डोकं खाली करून ठेवतात ते काय? तेही उलटंच झालं.

---

पशुवैद्य_महू | रविवार, सकाळी 8.45

प्रश्न रास्त आहे. शंकूत शरीराला सगळीकडून आधार असतो, पंख मिटलेले राहतात, फडफडून हाड मोडत नाही, आणि वेळ काही सेकंदांचाच असतो. म्हणून तोपर्यंत कोंबडा काखेत, आडवा, पंख अंगाशी दाबून, हवं तर डोक्यावरून फडकं टाकून धरा. सगळी तयारी झाल्यावरच शंकूत घाला आणि घातल्याबरोबर काप द्या. शंकूत ठेवून सुरी शोधायला गेलात असं व्हायला नको.

---

वैशालीनगर | रविवार, दुपारी 1.20

कुठे करणार हे महत्त्वाचं आहे. कॉलनीतल्या घराच्या गच्चीवर किंवा ओट्यावर हे काम करू नका, शेतावरच करा. शेजारी जैन आणि माहेश्वरी मंडळी असतात, त्यांच्या मनाचाही विचार हवा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अन्नासाठी प्राणी मारणं गुन्हा धरलेलं नाही, पण कलम 11 मध्येच अट आहे की त्यात विनाकारण वेदना होता कामा नये. म्हणजे तुम्ही विचारताय तेच कायदाही विचारतोय.

पिसं, आतडी, रक्त यांच्यासाठी आदल्या दिवशीच दोन-अडीच फूट खोल खड्डा खणून ठेवा, बोअरिंगपासून लांब. वर चुना, मग माती, मग मोठे दगड. नाहीतर रात्रीतून कुत्री उकरतात. पिसं वेगळी करून शेणखताच्या ढिगात पुरली तर चांगलं खत होतं, कुजायला मात्र वेळ घेतात.

आजारी, सुस्त, मान वाकडी झालेला पक्षी खायला कधीही कापायचा नाही. इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडले होते ते 2020 च्या डिसेंबरअखेरचे दिवस आठवतात ना? भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला होता. अचानक एकापाठोपाठ एक पक्षी मरायला लागले तर हात न लावता 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

---

निंबोणी | रविवार, दुपारी 3.50

बाळा, मी सत्तरीची आहे, तुझ्या आजोबांच्या रामबागेपासून दोन गल्ल्या सोडून वाढले. आमच्या घरी कोंबडा कापायला जे म्हातारे गृहस्थ यायचे त्यांना आम्ही मामा म्हणायचो. कोंबडा हातात घेतला की ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत ओसरीवर बसायचे, तपकीर ओढायचे, आणि तो त्यांच्या मांडीवर अगदी निवांत बसायचा. मग उठून मागे जायचे. घाई त्यांनी कधीच केली नाही. डॉक्टर काखेत धरायला सांगतात तेच असावं ते.

मुलीला खोटं सांगू नकोस. कोंबडे शेजारच्या गावाला पाठवले असं सांगशील आणि संध्याकाळी ताटात वाढशील, पोरं मूर्ख नसतात. माझ्या धाकट्याला मी असंच फसवलं होतं. पुढे चार वर्षं त्याने घरातलं काहीही सामिष खाल्लं नाही. मटणाचं दुःख नव्हतं त्याला, आई खोटं बोलली याचं होतं. तिला आधी सांग, का ते सांग, बघायचं की नाही ते तिला ठरवू दे.

आणि एक स्वयंपाकाचं. कापल्या-कापल्या शिजवायला घेऊ नकोस. जीव गेल्यावर मांस ताठ होतं, ते पुन्हा सैल पडायला वेळ लागतो. फ्रीजमध्ये एक रात्र, जमलं तर पूर्ण दिवस ठेव. पूर्वी सकाळी कापून दुपारी शिजवायचे आणि मग कोंबडा जून निघाला म्हणून कोंबड्याला नावं ठेवायचे.

---

मालवीमाती | मंगळवार, रात्री 10.30

सगळ्यांचे मनापासून आभार. निंबोणी काकू, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मुलीशी बोललो. ती रडली, मग बराच वेळ गप्प बसली आणि तिने विचारलं, "त्यांना आधी कळेल का?" मी म्हटलं, कळू नये म्हणूनच शिकतोय. ती म्हणाली कापताना मला बघायचं नाही, पण त्या दिवशी शेतावर यायचं आहे.

दरम्यान एका ओळखीच्या चिकनवाल्याकडे सकाळी दोन तास उभा राहिलो. तो हलाल पद्धतीने करतो. त्याचा हात पाहण्यासारखा आहे, डॉक्टरांनी सांगितलेली जागा, एक ओढ, झालं. सुरी दर तिसऱ्या पक्ष्याला दगडावर फिरवतो. मेलेल्या कोंबडीवर बोट ठेवून त्याने मला जबड्याखालची जागा चाचपायला लावली. वाचून जे कळलं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत बोटाला कळलं. पहिल्यांदाच करणाऱ्या कुणालाही मी हे आवर्जून सांगेन.

एक गोष्ट मात्र तिथे खटकली. पिंजऱ्यातल्या बाकीच्या कोंबड्या सगळं बघत होत्या. शेतावर मी मध्ये ताडपत्री लावणार आहे.

शंकूसाठी पाच लिटरची तेलाची कॅन घेतली, बूड कापलं, तोंडाकडचा भाग डोकं आणि मान सहज बाहेर येईल इतका मोठा केला. कापलेल्या कडा धारदार होत्या, त्यांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून चिकटवली. गोठ्याच्या खांबाला छातीच्या उंचीवर ठोकली आहे.

सातही एकाच दिवशी करायचे नाहीत असं ठरवलंय. या रविवारी फक्त तीन. मार्गशीर्ष संपलाय, थंडी आहे, माश्या नाहीत.

---

झाबुआ_ते_इंदूर | बुधवार, सकाळी 6.50

मी आलीराजपूर-झाबुआ भागात अठरा वर्षं शिक्षक होतो. कडकनाथ हा तिथल्या भिल-भिलाला घरांचा पक्षी, काळामासी म्हणतात त्याला. 2018 मध्ये झाबुआला त्याचं भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या शाळेजवळच्या घरात कोंबडा घ्यायचा तर घरातली म्हातारी आदल्या रात्री तो उचलून आपल्या खाटेखाली टोपलीत ठेवायची. शहरात बोलतात ना की याचं रक्तसुद्धा काळं, ते तसं नाही. कातडी, मांस, हाडं, जीभ काळसर, रक्त लालच असतं. पहिल्यांदा बघताना दचकू नका म्हणून सांगतो.

कातडी काळी असल्यामुळे बारीक पिसांची खुंटं दिसत नाहीत. उजेडात, बोटाने चाचपत काढावी लागतात.

---

निंबोणी | बुधवार, सकाळी 11.00

पिसं काढायच्या पाण्याचं विसरलेच होते. उकळतं पाणी आणि टाकीतलं गार पाणी निम्मं-निम्मं. या थंडीत बरोबर बसतं.

---

पशुवैद्य_महू | बुधवार, दुपारी 2.15

काकूंचं माप बरोबर आहे, साठ अंशांच्या आसपास येतं. त्यात पाऊण ते एक मिनिट बुडवून हलवत राहायचं आणि शेपटीचं एक मोठं पीस ओढून बघायचं. सहज आलं की बाहेर काढा. थर्मामीटर मिळाला तर उत्तम.

---

मालवीमाती | रविवार, रात्री 11.40

आज झालं. जसं झालं तसं सगळं लिहितो, चुकांसकट.

काल रात्री आठला बॅटरीवर निळा कागद लावून खुराड्यात गेलो. तिघांना एकेक करून दांडीवरून उचललं. एकाने फक्त कुर्र केलं. टोपल्यांत पेंढा घालून, वर पोतं टाकून पडवीत ठेवले, पाण्याची वाटी आत ठेवली. मी तिथेच खाटेवर झोपलो. झोप काही आली नाही.

सकाळी साडेसातला सुरुवात केली. पाणी चुलीवर, सुरी तयार, बादली शंकूखाली, घड्याळ खांबाला लटकवलेलं. बायको मुलीला घेऊन विहिरीपलीकडे हरभऱ्यात गेली. पहिल्याला काखेत घेतलं, काकूंनी सांगितलं तसं पाठीवरून हात फिरवत थोडा वेळ बसलो. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली भराभर चाललं होतं, मग जरा सावकाश झालं. अंगाची ऊब स्वेटरमधून लागत होती. उठलो, शंकूत घातलं, डाव्या हाताने डोकं धरलं, पिसं सारली, जबडा चाचपला आणि ओढलं. रक्त एकदम धारेने आलं. खरोखरच लाल. दहापर्यंत मोजलं असेल, मान सैल झाली. मग फडफड झाली, पण शंकूने धरून ठेवलं. दोन मिनिटांनी डोळ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही. मी खाली बसलो आणि रडलो. बराच वेळ.

दुसऱ्याच्या वेळी माझं चुकलं. पहिलं नीट झालं होतं, त्यामुळे हात थरथरायला नको होता, पण थरथरत होता. काप उथळ गेला. रक्त धारेने न येता थेंबथेंब यायला लागलं आणि त्याने डोळे उघडे ठेवून डोकं मागे ओढलं. मला कळलं की एकच बाजू, तीही अर्धवट. दोन-तीन सेकंद मी नुसता बघत राहिलो. मग दुसऱ्यांदा, खोल, पार मणक्यापर्यंत दिला. एकूण पाच-सहा सेकंदांचा फरक पडला असेल. त्या सेकंदांचं मला अजूनही वाईट वाटतंय. सुरी पाहिली तर पहिल्याच्या वेळी मणक्याला लागून टोकाकडची धार गेली होती आणि मी तपासलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, तुम्ही दर दोनांनंतर म्हणाला होतात, मी म्हणतो नवशिक्याने प्रत्येक पक्ष्यानंतर धार लावावी.

त्यानंतर अर्धा तास थांबलो. तोंड धुतलं, सुरी दगडावर लावली, टोमॅटोवर बघितली. तिसरा करायचा की नाही असं मनात आलं, पण त्याला रात्रभर उपाशी टोपलीत ठेवलं होतं. तिसरा पहिल्यापेक्षाही नीट झाला.

पाण्याचाही एक घोळ झाला. काकूंचं माप टाकीतल्या गार पाण्याचं होतं. मी बोअरिंग चालू करून ताजं पाणी घेतलं, ते थंडीत कोमट असतं, आणि पुरेसं गरम वाटेना म्हणून वर दोन तांबे उकळतं घातलं. पहिल्याची छातीवरची कातडी पिसांबरोबर फाटून आली. मग टाकीचं पाणी घेतलं, पुढचे दोन सुरेख सुटले.

पिसं काढायला मुलगी स्वतःहून आली. बारीक खुंटं तिच्या बोटांना माझ्यापेक्षा लवकर सापडत होती. गळ्यातली पिशवी, मग शेपटीकडून आडवा छेद, आतडी अखंड बाहेर. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी तिघांचीही न फुटता निघाली, तिथे मात्र मी श्वास रोखून काम केलं. शेपटीच्या बुडाची तेलाची गाठ कापून टाकली. पोटा, म्हणजे दाणा दळणारी जाड पिशवी, चिरून उघडला तर आत वाळू, ज्वारीचे दोन-तीन दाणे, छोटे खडे, आणि एक हिरव्या बांगडीचा तुकडा, गोटीसारखा गुळगुळीत झिजलेला. मुलगी तो धुवून घेऊन गेली आणि कितीतरी वेळ उन्हात धरून बघत होती. मग मला म्हणाली, "बाबा, याला दात नव्हते म्हणून हा दगडांनी चावायचा." ते मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

वजन जिवंतपणी दीड ते पावणेदोन किलो, साफ झाल्यावर सव्वा किलोच्या आत. बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवले, आता फ्रीजमध्ये आहेत. खड्डा बुजवला, चुना टाकला. काळू दिवसभर हरभऱ्याच्या बांधावर फिरत होता.

---

पशुवैद्य_महू | सोमवार, सकाळी 7.05

दुसऱ्या पक्ष्याचं तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. ही चूक शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून होते, सांगत कुणी नाही. तुम्ही लगेच ओळखलंत आणि दुसरा काप पूर्ण दिलात, त्या क्षणी करण्यासारखं तेच होतं. पुढच्या वेळी आणखी एक करा. बाजूला दुसरी, धार लावलेली सुरी तयार ठेवा. आणि प्रत्येक पक्ष्यानंतर धार, हे तुमचं बरोबर आहे. मी यापुढे तसंच सांगेन.

---

खुराडं | सोमवार, सकाळी 9.30

दादा, काल मीही एक कोंबडा केला, काखेत धरून. बारा वर्षांत पहिल्यांदाच. फरक हाताला कळला.

---

सायंतारा | सोमवार, दुपारी 12.10

सगळं वाचलं. मी खाणार नाही, कधीच. पण तुमची मुलगी म्हणाली ते "त्यांना आधी कळेल का" माझ्या मनातून जात नाहीये. काळूचा फोटो टाकाल?

---

मालवीमाती | सोमवार, रात्री 9.00

ताई, येत्या रविवारी नक्की टाकतो. मुलगीच काढणार आहे म्हणते.

आज शिजवलं. काकू, चोवीस तास ठेवलं होतं. सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण, घरचा काळा मसाला, आणि झाकण ठेवून मंद आचेवर पावणेदोन तास. कडकनाथला चरबी कमी, घाई केली तर दोऱ्यासारखा होतो असं ऐकलं होतं, म्हणून कुकर लावला नाही. हाडापासून सुटून आलं. बरोबर ज्वारीची भाकरी. मुलीने रस्सा घेतला, तुकडा नको म्हणाली. आम्ही आग्रह केला नाही.

उरलेले चार पुढच्या महिन्यात, दोन-दोन करून. तोवर खुराड्याला मध्ये जाळी लावून नर वेगळे केलेत. कोंबड्यांच्या पाठीवर बारीक नवी पिसं यायला लागली आहेत.

---

वैशालीनगर | सोमवार, रात्री 9.40

कॅनचं तोंड नेमकं किती रुंद केलंत? माझ्या साडूंचे गावठी कोंबडे दोन किलोच्या पुढचे आहेत.

---

मालवीमाती | सोमवार, रात्री 9.55

माझं सहा सेंटिमीटर आहे, पावणेदोन किलोपर्यंत ठीक बसलं. दोन किलोच्या वर असतील तर दहा लिटरची कॅन घ्या आणि तोंड सात-साडेसात करा. मोठं केलं की खांदे खाली सरकतात आणि पंख सुटतात, म्हणून आधी एका कोंबड्याला रात्रीच्या वेळी हळूच बसवून बघा आणि लगेच काढा. कडांना ट्यूब लावायला विसरू नका.